बोट कुठल्या ओळीवर?

पहाटे ५:१०

कुर्डुवाडी. गॅसवर तवा तापलाय. आठ भाकरी थापायच्या आहेत. दोन डब्याच्या, बाकी घरच्या. ओट्यावर तेलाच्या बरणीला टेकवून एक पुस्तक उघडं ठेवलंय. आर. के. नारायण यांची ‘ॲन ॲस्ट्रॉलॉजर्स डे’ ही कथा. जेमतेम चार-पाच पानांची. मॅडम गेली काही वर्षं बार्शीच्या कॉलेजात ती शिकवतायत. तरी शिकवायच्या दिवशी सकाळी ती पुन्हा वाचतात.

“पाठ झालेली गोष्ट शिकवताना आपल्याच ओळी गळतात,” त्या म्हणतात. हात पिठाचे असतात. पान उलटायचं ते कोपरानं.

सकाळी ६:००

भाकरी झाल्या. चहा घेऊन मॅडम खाली बसतात. आता हातात पेन्सिल.

त्यांची पद्धत ठरलेली आहे. वाचन तीनदा. पहिलं वाचन गोष्टीसाठी. काय झालं, कुणाचं झालं, शेवट काय. दुसरं वाचन पेन्सिल घेऊन. जिथं अडखळलो तिथं खूण. जी गोष्ट दोनदा आली तिथं खूण. लेखक जिथं उगाच रेंगाळल्यासारखा वाटतो तिथं मोठी खूण. तिसरं वाचन एक प्रश्न घेऊन. एकच. दहा प्रश्न घेतले की तासाला एकही धड होत नाही.

आजचा प्रश्न वहीच्या कोपऱ्यात लिहिलाय. “या गोष्टीत उजेड कुठून येतो?”

सकाळी ७:२०

एसटी. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. बार्शीपर्यंत तीस-पस्तीस रुपयांत काम होतं. मॅडमना खिडकी मिळाली. पिशवी मांडीवर. पिशवीत डबा, पाण्याची बाटली, कथेचं पुस्तक, लाल पेन, स्वतःच्या खडूंची पेटी आणि चाचणीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. बाहेर उसाचे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या. एसटी त्यांच्यामागं रांगते.

तेवढ्यात मॅडम गोष्ट सांगतात.

एक ज्योतिषी आहे. भर दुपारी, टाऊन हॉलच्या बागेतल्या वाटेवर, झाडाखाली दुकान मांडतो. कवड्या, गूढ आकृत्यांचं फडकं, ताडपत्रांचा जुडगा. कपाळाला भस्म-कुंकू, डोक्याला भगवं पागोटं. ज्योतिष त्याला काही येत नाही, हे नारायण सुरुवातीलाच सांगून टाकतात. गाव सोडून तो अचानक पळालेला आहे, हेही सांगतात. का पळाला, ते सांगत नाहीत. एका रात्री आवराआवर करताना एक गिऱ्हाईक येतं आणि पैज लावतं. ज्योतिषी त्याला त्याच्या नावानं हाक मारतो. तुला कुणीतरी सुरा मारून विहिरीत ढकललं होतं, म्हणतो. तो मारेकरी चार महिन्यांपूर्वी लॉरीखाली मेला, असंही सांगतो. आता उत्तरेला आपल्या गावी परत जा, पुन्हा दक्षिणेला पाऊल टाकू नको. माणूस पैसे देऊन निघून जातो. घरी गेल्यावर ज्योतिषी बायकोला सांगतो, की तो सुरा मारणारा मीच.

“आता ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली,” मॅडम म्हणतात. “पण वर्गात अजून काहीच झालेलं नाही. गोष्ट कळणं आणि गोष्टीवर बोलता येणं, यात अख्खा तास जातो.”

सकाळी ८:४०

बार्शी. स्टँडबाहेर झेरॉक्सचं दुकान. दोरीला गाईडं टांगलेली. प्रश्नोत्तरं, सारांश, ‘मोस्ट आयएमपी’. किंमत शंभराच्या आत. पाठ्यपुस्तक त्याहून महाग, म्हणून वर्गात गाईडं जास्त.

मॅडम पूर्ण कथा काढत नाहीत. एकच पान. गिऱ्हाईक येतं, काडी पेटते, ज्योतिषी बिचकतो, ते पान. पस्तीस प्रती. पानाला दीड रुपया. साडेबावन्न होतात. दुकानदार पन्नास घेतो. हे पैसे कुठल्याच बिलात बसत नाहीत.

“एक पान हातात असलं की सगळ्यांचं बोट एकाच जागी येतं,” त्या प्रती मोजून घेतात. दोन पुसट आलेल्या बदलून घेतात.

सकाळी ९:१५

स्टाफरूम. कायम प्राध्यापकांचं मस्टर वेगळं, तासिका तत्त्वावरच्यांचं रजिस्टर वेगळं. मॅडम दुसऱ्यात. सेट परीक्षा झालेली आहे, पीएच.डी. चालू आहे. तासाला नऊशे रुपये. आठवड्याला नऊ तास. सगळे तास झाले तर आठवड्याचे ८,१००. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, गॅदरिंग यांचे पैसे नाहीत, कारण तास नाही. पैसे दरमहा येत नाहीत. येतात तेव्हा तीन-चार महिन्यांचे एकदम येतात. किराणा दुकानदाराला हे माहीत आहे. त्याची वही तशीच चालते.

शिपाई मामा चहा आणतात. “मॅडम, सात नंबरचा फळा पुसून ठेवलाय.” मॅडमचा तास म्हणजे फळा भरणार, हे मामांना ठाऊक आहे.

सकाळी ११:००

प्रथम वर्ष, कला. पटावर साठ. हजर चौतीस. तुरीची काढणी चालू आहे. उरलेले शेतात आहेत किंवा वाटेत.

जोडतास आहे. पहिला तास वाचनाचा. मॅडम मोठ्यानं वाचतात. हळू. अवघड शब्दापाशी थांबत नाहीत. वाचून झाल्यावर पुस्तक मिटायला लावतात.

“आता गोष्ट सांगा. मराठीत सांगा. एकानं एकच वाक्य.”

पहिल्या बाकापासून सुरुवात. एक ज्योतिषी असतो. तो खोटा असतो. मग एक माणूस येतो. कुणी चुकलं की शेजारचा दुरुस्त करतो. मॅडम बोलत नाहीत. वाक्यं फिरत फिरत मागं जातात. शेवटच्या बाकापर्यंत गोष्ट पुरी होते.

मग फळ्यावर दोन उभे रकाने. डावीकडं ‘काय झालं’. उजवीकडं ‘का झालं’. डावा रकाना भराभर भरतो. उजवा रिकामा राहतो. ज्योतिषी गाव सोडून का पळाला? पैज लागल्यावर त्यानं पैसे परत करून सुटायचा प्रयत्न का केला? हातात आलेलं गिऱ्हाईक कोण सोडतं?

घटनांची रांग वेगळी आणि त्यांना बांधणारं कारण वेगळं, हा फरक ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली ‘ॲस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’मध्ये मांडला. मॅडम त्यांचं नाव घेत नाहीत. रिकाम्या रकान्यावर खडू टेकवून उभ्या राहतात.

“उत्तर द्यायचं नाही. ओळ दाखवायची. बोट कुठल्या ओळीवर?”

झेरॉक्स वाटल्या जातात.

सकाळी ११:५०

दुसरा तास. घंटा झाली तरी कुणी उठत नाही. मॅडम फळ्याच्या वरच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहितात : ‘आय थिंक… बिकॉज…’

“आज चर्चा इंग्रजीत. घाबरायचं नाही. आधी मराठीत बोला, इंग्रजी आपण मिळून करू. पण ‘बिकॉज’च्या पुढं या पानावरची ओळ पाहिजे. ओळ नसेल तर ते तुमचं मत. गोष्टीत ते नाही.”

पाच मिनिटं कुणीच बोलत नाही. पंख्याचा आवाज. मॅडम गप्प उभ्या. गंमत म्हणजे कथेतला ज्योतिषीही असाच वागतो. समोरचा दहा मिनिटं बोलेपर्यंत तो तोंड उघडत नाही. तेवढ्या बोलण्यातून त्याला डझनभर उत्तरं मिळतात.

मग त्या आपला प्रश्न टाकतात. “या बाजारात उजेड कुठून येतो?”

पुस्तकाची पानं उलटतात. नगरपालिकेचे दिवे नाहीत, एक मुलगी म्हणते. दुकानांचे आहेत. कुणाची गॅसबत्ती, कुणाचा खांबाला लावलेला उघडा टेंभा, कुणाचा जुना सायकलचा दिवा.

“आणि ज्योतिष्याचा?”

“नाही मॅडम. शेजारच्या शेंगदाणेवाल्याचा.”

मागून तिसऱ्या बाकावर एक मुलगा आहे. तासभर खाली मान घालून बसलेला. संध्याकाळी सहा ते अकरा तो चुलत्याच्या अंडाभुर्जीच्या गाड्यावर असतो. रोज दीडशे रुपये आणि जेवण. तो उभा राहत नाही. बसूनच बोलतो.

“मॅडम, आमच्या गाड्याला बी लाइट नाही. शेजारच्या मोबाइल दुकानाचा येतो. त्यानं शटर ओढलं की आम्ही बी आवरतो.”

“मग?”

“मग ह्यो बी तसंच करतो. शेंगदाणेवाल्यानं टेंभा विझवला की ह्यो आवरायला लागतो. इथं आहे बघा.” त्याचं बोट पानावर आहे. “आणि अंधारात गिऱ्हाईक आलं की त्याचं तोंड दिसत नाही. हातच दिसतो पैसे देताना.”

“मग ज्योतिष्याला त्याचं तोंड कधी दिसलं?”

वर्ग पानावर वाकतो. ओळ सापडायला अर्धं मिनिट लागतं. गिऱ्हाईक चिरूट पेटवतं. काडीचा उजेड चेहऱ्यावर पडतो. लगेच पुढं ज्योतिष्याला अस्वस्थ वाटू लागतं. तो पैज मोडू बघतो, गिऱ्हाईक त्याचं मनगट धरतं. ओळख पटली असं नारायण कुठंही लिहीत नाहीत. ते काडी पेटवतात आणि पुढं जातात. पहिल्या वाचनात ती काडी कुणालाच दिसत नाही. शेवट कळल्यावर मागं आलं की दिसते.

आता इंग्रजी. मुलाच्या मराठी वाक्याचं सगळे मिळून इंग्रजी करतात. शब्द खोडले जातात. फळ्यावर उतरतं : ‘द ॲस्ट्रॉलॉजर वर्क्स इन बॉरोड लाइट. सो नोबडी सीज हिज फेस क्लिअरली.’ बॉरोड हा शब्द भुर्जीवाल्या मुलानं शोधला. मोबाइलवर नाही, शेजारच्या मुलीच्या डिक्शनरीत.

“वर्क्स. वर्क्ड का नाही?” मॅडम विचारतात. आणि सांगतात. गोष्टीत जे घडतं ते लिहिताना वर्तमानकाळ. गोष्ट दरवेळी वाचली की पुन्हा घडते. नारायण यांनी ती कधी लिहिली, हे सांगताना भूतकाळ. ‘ॲन ॲस्ट्रॉलॉजर्स डे अँड अदर स्टोरीज’ हा संग्रह १९४७ चा.

दुपारी १२:२०

वीस मिनिटं उरलीत. मॅडम हिशोब काढतात.

ज्योतिष्याचा दर एका प्रश्नाला तीन पै. बारा पैचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. १९५७ साली नवे पैसे आले, त्यामुळं मुलांना आणे माहीत नाहीत. रात्रीच्या त्या गिऱ्हाइकाकडून मिळाले साडेबारा आणे. म्हणजे दीडशे पै. भागिले तीन.

“पन्नास,” पहिल्या बाकावरून उत्तर येतं. पन्नास प्रश्नांची कमाई एका माणसाकडून.

बोलणं एक रुपयाचं ठरलं होतं. साडेतीन आणे कमी आले. घरी बायको नाणी मोजते, खूश होते. उद्या गूळ-खोबरं आणीन, पोरीला गोड करीन, म्हणते. आणि हा चिडलाय. त्यानं मला फसवलं, म्हणतो.

“ज्यानं त्या माणसाला सुरा मारला, तो साडेतीन आण्यांसाठी चिडलाय. हे पटतं?”

आता वर्ग पेटतो. एक म्हणतो, पटत नाही, जीव वाचला हे मोठं. दुसरी म्हणते, पटतं, रोजच्या कमाईवर जगणारा माणूस पैसे आधी मोजणार. मग तिसरा मुद्दा काढतो. त्यानं लॉरीचं खोटं सांगून त्या माणसाला मोकळं केलं, सूड संपवला, म्हणजे चांगलंच केलं. लगेच पहिल्या बाकावरून उत्तर. “आय थिंक ही सेव्हज हिमसेल्फ, बिकॉज…” मुलगी ओळ शोधते. पुन्हा दक्षिणेला यायचं नाही, ही ओळ. “बिकॉज ही सेंड्स हिम अवे.”

दोघांकडं ओळ आहे. मॅडम निकाल देत नाहीत. दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहितात. घंटा होते.

दुपारी १:००

डबा. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. शेजारी निवृत्तीला आलेले सर बसलेत. सर म्हणतात, एडगर ॲलन पो यांनी १८४२ साली हॉथॉर्न यांच्या कथांवर लिहिताना जे मांडलं, तेच आजही पुरतं. कथा एका बैठकीत संपली पाहिजे आणि सगळं एकाच परिणामाकडं गेलं पाहिजे. मॅडम मान डोलावतात. “म्हणून तर सर, काडी उगाच पेटलेली नसते.” सर चटणी मागून घेतात.

दुपारी १:४५

उत्तरपत्रिका. याच कथेवरचा दहा गुणांचा प्रश्न, वर्गात शिकवण्याआधीच मागच्या आठवड्यात घेतलेला. एकाला चार मिनिटं धरली तर चौतीस पेपरांना सव्वादोन तास. अंतर्गत तपासणीचे पैसे नाहीत.

पहिले सात पेपर जवळपास एकसारखे. जन्म १९०६, मद्रास. मालगुडी हे काल्पनिक गाव. ‘द गाईड’, साहित्य अकादमी १९६०. मग कथेचा सारांश. मग शेवटी एक ओळ, ‘धिस इज अ व्हेरी इंटरेस्टिंग स्टोरी’. सगळी माहिती बरोबर आहे. प्रश्न होता ज्योतिष्याच्या स्वभावावर.

मॅडम लाल पेनानं समासात एकच शब्द लिहितात. ‘कुठं?’ जिथं विधान आहे आणि आधार नाही, तिथं ‘कुठं?’. त्या दुपारी तो शब्द शंभरेक वेळा लिहिला जातो.

अठरावा पेपर वेगळा. हस्ताक्षर वाईट, स्पेलिंग चुकलेली. लिहिलंय, की ज्योतिष्याचे डोळे चमकतात, लोकांना वाटतं दिव्यदृष्टी आहे, पण तो फक्त गिऱ्हाईक शोधत असतो म्हणून तसे दिसतात. सारांश नाही. जन्मतारीख नाही. एक विधान, त्याला पानावरचा आधार, मग आधारातून काय निघतं ते. तीन वाक्यं. मॅडम स्पेलिंग दुरुस्त करतात. दहापैकी साडेसात देतात. गठ्ठ्यातले सगळ्यात जास्त.

“इंग्रजी नंतर सुधारतं. बघायची सवय नंतर लावता येत नाही,” त्या पान उलटतात.

दुपारी ३:४०

एक मुलगी दारात. पुढच्या आठवड्यात तिला याच कथेवर पाच मिनिटं बोलायचंय. कागदावर सगळं लिहून आणलंय. प्लॉट, सेटिंग, कॅरेक्टर, थीम, पॉइंट ऑफ व्ह्यू. प्रत्येकाखाली चार ओळी.

“हे पाच खण सुट्टे सुट्टे ठेवू नकोस गं. तुला गोष्टीत काय खटकलं?”

मुलगी विचार करते. “बायकोला त्यानं आधी का नाही सांगितलं? इतकी वर्षं?”

“तिथून सुरू कर. ती कधी दिसते, काय बोलते, तिला काय माहीत नाही, एवढंच बघ. सगळे खण आपोआप येतील. आणि लेखक म्हणतो असं लिहू नकोस. सांगणारा निवेदक आहे. त्याला सगळं माहीत आहे, तरी एक गोष्ट तो दाबून ठेवतो. का, ते शोध.”

मुलगी कागदाची घडी घालते. पाठकोऱ्या बाजूवर नवीन लिहायला घेते.

संध्याकाळी ४:५०

परतीची एसटी. उभ्यानं. निम्मी बस कॉलेजची पोरं. मॅडमचा खडूचा हात अजून पांढरा आहे.

संध्याकाळी ६:४५

घरी बारावीची शिकवणी. आठ मुलं, महिन्याला पाचशे. हे पैसे वेळेवर येतात. घर त्यावर चालतं. आज व्याकरण. पण शेवटची दहा मिनिटं एक परिच्छेद आणि तोच प्रश्न. बोट कुठल्या ओळीवर?

रात्री ९:१५

वहीत तासांची नोंद. आज दोन तास. अठराशे रुपये, मिळतील तेव्हा. खर्च रोख. एसटी जाऊन-येऊन पासष्ट, झेरॉक्स पन्नास, चहा दहा. एकशे पंचवीस. खाली उद्याच्या तासाची एक ओळ. ‘दोन्ही मतं फळ्यावर आहेत. तिथून सुरू.’

इंग्रजी कथेवर बोलायचं म्हणजे इंग्रजीच आधी यायला हवं, असं पुष्कळ घरांत समजलं जातं. मग पालक गाईड आणून देतात आणि पोरं ते पाठ करतात. आजच्या वर्गात सगळ्यात नेमकं वाक्य ज्यानं दिलं, त्याला इंग्रजी धड येत नाही. त्याला गाड्यावरचा उजेड माहीत होता आणि त्यानं पानावर बोट ठेवलं. तुमच्या घरात कुणाला अशी कथा नेमलेली असेल तर आज रात्री एवढं करा. गाईड बाजूला ठेवा. कथा दोनदा वाचायला लावा. मग विचारा, तुला काय वाटतं? उत्तर मराठीत आलं तरी चालेल. त्यानंतर ओळ मागा.